हाताला लागलेलं वळण

भाऊबीजेच्या रात्री दादरच्या मावशीकडून मुलुंडला परतताना गाडी माझा भाऊ चालवत होता. सायनपासून घाटकोपरपर्यंत मुंगीच्या पावलांनी आलो. विक्रोळी मागे पडली, उजव्या हाताला खारफुटीचा काळोख सुरू झाला, तेव्हा कुठे रस्ता जरा मोकळा मिळाला. तिथे त्याने स्टेअरिंगवरचे दोन्ही हात उचलले आणि आरती घेताना धरतात तसे तळवे वर धरले.

"हे बघ, ताई."

गाडी क्षणभर सरळ गेली आणि मग डावीकडे निघाली. झटका वगैरे काही नाही. ओळखीच्या घरी चपला काढून आत शिरावं इतक्या सहज. चौथ्या सेकंदाला शेजारच्या लेनमधल्या टेम्पोवरची ‘आईवडिलांची पुण्याई’ माझ्या खिडकीतून हात लावता येईल एवढी जवळ आली. मी ओरडले. त्याने शांतपणे स्टेअरिंग धरलं.

"किती दिवस ओढतेय अशी?"

"कुठे ओढतेय? मी रोज चालवते. माझ्या हातात कधी असं करत नाही."

हे मी भांडायचं म्हणून म्हटलं नव्हतं. खरंच करत नव्हती. निदान मला तसं कधी वाटलं नव्हतं.

आता मागे वळून पाहिलं तर त्याआधी चारेक महिने माझा उजवा हात दुखत होता. कोपरापासून मनगटापर्यंत, संध्याकाळी जास्त. दोष मी ऑफिसच्या माउसला दिला होता. मनगटाखाली ठेवायची ती मऊ उशी आणली, फिजिओथेरपिस्टकडे चार चकरा मारल्या, रबरी चेंडू दाबत बातम्या पाहिल्या. मुंबईत गाडी चालवताना डावा हात गिअरवरच असतो; स्टेअरिंग सांभाळायचं काम एकट्या उजव्याचं. आणि तो बिचारा रोज सकाळ-संध्याकाळ ते किंचित खाली, उजवीकडे ओढून धरत होता. मला न सांगता.

लोकलच्या चौथ्या सीटवर बसलेल्यांना हे कळेल. अर्धं शरीर बाकावर, अर्धं हवेत. पहिली पाच मिनिटं मांडी भरून येते, मग काही वाटत नाही. ठाण्याला उठताना कळतं की एक पाय आपल्याला न विचारता सगळा वेळ राबत होता.

भावाशी पहिला वाद घातला तो रस्त्यावरून. म्हटलं, रस्ताच तसा असेल. हे अगदीच खोटं नव्हतं. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मुद्दाम कडेला उतरता करतात, शंभराला साधारण दोन या हिशोबाने. म्हणजे दहा फुटांत जवळजवळ अडीच इंच. वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस झेलणाऱ्या या गावात तो उतार हवाच. आपण डावीकडून चालवतो, म्हणून उतारही बहुतेक डावीकडेच मिळतो आणि चांगली ठणठणीत गाडीसुद्धा हात सैल सोडला की हळूच डावीकडे सरकते. त्यावर त्याने फोनवरून एक युक्ती सांगितली. मधे उंच आणि दोन्ही कडांना उतरता असा एखादा वन-वे रस्ता शोध, त्याच्या उजव्या अंगाने चालव. तिथे उतार उजवीकडे. तिथेही गाडी डावीकडेच गेली तर रस्ता निर्दोष, गाडी दोषी.

एका रविवारी सकाळी साडेसहाला, दूधवाले आणि कुत्रे एवढेच रस्त्यावर असताना, मी हे करून पाहिलं. रस्त्याच्या डाव्या अंगाला गाडी डावीकडे गेली, उजव्या अंगाला उजवीकडे. पाण्यासारखी. मी विजयी मुद्रेने त्याला मेसेज टाकला: ‘रस्ताच आहे. माझी गाडी गुणी आहे.’ त्याने अंगठा पाठवला. पुण्याच्या माणसाचा अंगठा म्हणजे काय ते ज्याचं त्याने समजून घ्यावं.

पण मनात किडा शिरला होता. त्याच सोमवारी संध्याकाळी चेंबूरहून घरी येताना मी पहिल्यांदा हाताकडे लक्ष दिलं. कांजूरमार्गच्या जवळपास पकड जराशी सैल केली आणि गाडी डावीकडे निघाली. रस्त्याच्या उताराने जाते तशी नव्हे, कुणी बखोटीला धरून नेल्यासारखी.

सुरुवात हवेपासून करतात, मीही केली. पेट्रोल पंपावर पुढच्या उजव्या चाकात ३३, डाव्यात २९. ज्या बाजूला हवा कमी ते चाक जड होतं, गाडी तिकडे झुकते. चला, सुटलो, म्हणून दोन्हींत ३३ भरून घेतली. दोन दिवसांनी पुन्हा तेच.

मग अलाइनमेंट. ही आपल्याकडची सत्यनारायणाची पूजा आहे. काहीही बिघडलं की आधी ती घालतात. मी तीनदा घातली, तीन वेगवेगळ्या दुकानांत. चाकांना आरसे लावायचे, समोरच्या पडद्यावर आकडे लाल-हिरवे होताना बघायचे, शेवटी सगळे हिरवे झाल्याचा कागद घ्यायचा. तिन्ही ठिकाणी माणूस सिग्नलपर्यंत चक्कर मारून आला आणि म्हणाला, "एकदम सरळ आहे, मॅडम." एकाने तर हे माझ्याकडे पाठ करून, सोबत आलेल्या माझ्या कॉलेजातल्या मुलाला सांगितलं. त्याच्याकडे तेव्हा लायसन्सही नव्हतं.

त्या कागदावर तीन कोन असतात. नाइलाजाने मी ते शिकले. टो म्हणजे चवडे: पुढची दोन्ही चाकं वरून पाहिली तर एकमेकांकडे तोंड करून आहेत की फटकून. कॅम्बर म्हणजे चाक समोरून पाहिलं तर किती कललंय. डाव्या-उजव्याच्या कलण्यात फरक असला तर ज्या चाकाचा माथा जास्त बाहेर झुकलाय, तिकडे गाडी जाते. आणि कॅस्टर. हा कळायला सायकल आठवावी लागते. सायकलचा पुढचा चिमटा सरळ उभा नसतो, तिरका असतो. हात सोडूनही सायकल सरळ जाते त्यात त्या तिरकेपणाचा मोठा वाटा असतो आणि शाळेतली मुलं मुलींसमोर भाव खातात. गाडीच्या एका चाकाचा हा तिरकेपणा दुसऱ्यापेक्षा कमी झाला, की कमी असलेल्या बाजूला गाडी ओढते. खड्ड्यात चाक जोरात आदळलं, चाकाला गाडीशी जोडणारा खालचा आर्म वाकला किंवा त्याचा रबरी बुश फाटला, तर हे होतं. आणि पेव्हर ब्लॉक निखळलेल्या आपल्या रस्त्यांवर ते व्हायला वेळ लागत नाही.

खरी गंमत अशी, की माझ्यासारख्या बऱ्याच छोट्या गाड्यांत पुढच्या चाकांचा फक्त टोच पान्याने बदलता येतो. कॅम्बर आणि कॅस्टर कंपनीने बसवला तो बसवला. आणि टो चुकला तर टायर झिजतात, स्टेअरिंग वाकडं बसतं, पण गाडी शक्यतो एका बाजूला ओढत नाही, कारण पुढची दोन चाकं ती चूक आपसांत वाटून घेतात. म्हणजे ज्याने माझं दुखणं जवळजवळ कधीच होत नाही तेच मी तीनदा दुरुस्त करून घेतलं. पैसे देऊन. हे मला तिघांपैकी एकानेही सांगितलं नाही.

तिसऱ्याने शेवटी टायरवर बोट ठेवलं. दोन नवे घ्या म्हणाला. त्याच्या म्हणण्यात तथ्य असू शकलं असतं. आतले पट्टे एका बाजूला जरा सरकलेले असले, तर टायर बाहेरून गोल दिसूनही सुळक्यासारखा वागतो. चणेवाल्याची कागदी पुडी टेबलावर आडवी ठेवून ढकला. ती सरळ जात नाही, टोकाभोवती गिरकी घेते. तसं. पण हे ओळखायला नवे टायर लागत नाहीत. पुढची दोन चाकं आपसांत बदलायची. ओढ बाजू बदलून उजवीकडे गेली तर चोर टायर, नाही तर टायर साव. एवढंच बघायचं, की टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण नाही ना. आमच्या नाक्यावरच्या पंक्चरवाल्याने वीस मिनिटांत चाकं बदलून दिली. संध्याकाळी कांजूरमार्गला गाडी पुन्हा डावीकडेच.

त्या शनिवारी चहाच्या वेळी मी हे सगळं रडगाणं बाबांना सांगितलं. बाबा एकोणऐंशीचे. सगळी नोकरी बेस्टमध्ये ड्रायव्हर म्हणून झाली, पॉवर स्टेअरिंग नसलेल्या बसगाड्यांवर. आता गाडी चालवत नाहीत. माझ्या शेजारी बसतात आणि प्रत्येक सिग्नलला त्यांचा उजवा पाय पायपुसणीवर ब्रेक दाबतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, बिस्किट बुडवलं, ते पडायच्या आत खाल्लं आणि विचारलं,

"थंड असताना ओढते की तापल्यावर?"

मी गप्प. सकाळी साडेसहाचा तो वन-वे: थंड गाडी. अलाइनमेंटवाल्यांची सिग्नलपर्यंतची चक्कर: तासभर उभी राहून थंड झालेली गाडी. कांजूरमार्ग: चेंबूरपासून पाऊण तास ब्रेकवर नाचत आलेली गाडी. भाऊबीजेची रात्र: सायन ते घाटकोपर. मोजणाऱ्या सगळ्यांनी माझी गाडी थंड असताना मोजली होती, आणि दुखणं तापल्यावर होत होतं.

"मग चाकाचं नाही ते," बाबा म्हणाले. "ब्रेक धरून ठेवत असेल."

आणि त्याच क्षणी मला आमच्या सोसायटीत गाड्या धुणारा मुलगा आठवला. गणपतीच्या सुमारास तो म्हणाला होता, "मॅडम, तुमचं हे पुढचं डावं चाक लई काळं होतं. बाकीची तीन एका फडक्यात निघतात, याला साबण लागतो." मी मोबाइलमध्ये बघत ‘हो का’ म्हटलं होतं. ती काळी भुकटी ब्रेक पॅडची असते. रोज सकाळी एक माणूस माझ्या चाकावरून बोट फिरवून निदान करत होता आणि मी हिरव्या कागदांना पैसे मोजत होते.

भांडुपला एलबीएस रोडच्या आत एका गल्लीत बाबांच्या ओळखीचं गॅरेज आहे. दोन गाड्या आत, चार बाहेर, वर पत्रा, भिंतीवर तेलाच्या कंपनीच्या कॅलेंडरशेजारी विठोबा. मालकांना सगळे मामा म्हणतात. मुलुंडहून भांडुप म्हणजे जेमतेम गाडी तापते, म्हणून बाबांनी मला मुद्दाम घाटकोपरपर्यंत गर्दीतून फिरवून आणलं. "आजारी माणसाला ताप उतरल्यावर डॉक्टरकडे नेऊन उपयोग नाही," म्हणाले.

मामांनी एकच प्रश्न विचारला, आणि तो मला, बाबांना नाही. "ताई, जोरात ब्रेक मारला की आधी उजवीकडे झटका देते का?"

देत होती. मला वाटायचं मीच घाबरून वळवते.

त्यांनी बाटलीतलं पाणी ओंजळीत घेतलं आणि उजव्या चाकाच्या आत, डिस्कच्या मधल्या भागावर चार थेंब उडवले. थेंब ओघळले. मग डाव्यावर. चर्रर्र झालं, फोडणीत कढीपत्ता पडल्यासारखं, आणि वाफेबरोबर जळक्या रबराचा वास आला. तो वास मला ओळखीचा होता. कित्येक संध्याकाळी सिग्नलला तो आला होता आणि मी शेजारच्या ट्रकला नावं ठेवली होती.

पोऱ्याने जॅक लावला. उजवं चाक मामांनी एका बोटाने फिरवलं, दोन-तीन फेऱ्या सहज फिरलं. डावं दोन्ही हातांनीही हलेना.

पुढचं मी उकिडवी बसून पाहिलं. मामांनी कॅलिपर दाखवला, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कला पिस्टनच्या जोरावर दोन पॅडच्या चिमटीत धरणारा भाग; मग त्याच्या मागचा हवा काढायचा निपल दाखवला, त्यावर पाना लावला. "आता नीट बघा. ब्रेक दोन कारणांनी चिकटतो. पिस्टन नाहीतर पिना गंजून जाम झाल्या तर हा निपल उघडूनही चाक सुटणार नाही. सुटलं, तर आत तेल अडकलंय, परत जायला वाट नाही." पाना पाव फेरा फिरला. निपलमधून तेलाची एक पिचकारी उडाली, सरळ मामांच्या बाहीवर, आणि चाक सुटलं. बोटाने फिरायला लागलं.

"होज," मामा म्हणाले.

कॅलिपरपर्यंत ब्रेकचं तेल नेणारी वीतभर-दीड वीत रबरी नळी. बाहेरून अगदी ठाकठीक. ना भेग, ना फुगवटा. पण आतलं अस्तर सुजून वाट अरुंद होते. पाय दाबला की दाबाच्या जोरावर तेल आत घुसतं, जरा उशिरा. तेवढ्यात उजवं चाक आधी धरतं, म्हणून तो उजवीकडचा झटका. पाय उचलल्यावर मात्र तेलाला मागे ढकलणारं फारसं काही नसतं. पिस्टनभोवतीची एक रबरी रिंग तणावलेली असते, ती पूर्ववत होताना पिस्टनला केसभर मागे घेते, बस. तेवढ्या जोरावर ते तेल अरुंद वाटेतून परत जात नाही. पॅड डिस्कला घासत राहतात, तापतात, तापलेलं तेल फुगतं, अजून घट्ट धरतं. गर्दीत मिनिटाला चारदा ब्रेक दाबणाऱ्या मुंबईकराच्या पायाखाली हे संध्याकाळपर्यंत वाढत जातं. रात्रभर गाडी उभी राहिली की थेंब थेंब तेल परततं आणि सकाळी गाडी पुन्हा गुणी.

जुना होज काढल्यावर मामांनी तो माझ्या हातात दिला. "फुंका." फुंकर घातली तर दुसऱ्या टोकाला हवा येते की नाही हे गालावर धरून बघावं लागत होतं. पॅडही दाखवले. उजवीकडचे बिस्किटाएवढे जाड, डावीकडचे त्याच्या निम्म्याने. होज दोन्ही बाजूंचे बदलायचे, पॅडही जोडीनेच. एका बाजूला नवं आणि दुसरीकडे जुनं ठेवलं तर पुन्हा ओढाओढ. तेल सगळं नवं. "दोन वर्षांनी बदलत चला," मामा म्हणाले. "हे तेल हवेतलं पाणी पितं, आणि आपल्याकडे हवेत पाणी किती ते मी सांगायला नको." पोऱ्या बाइकवरून होज आणायला गेला.

नळीत हवा राहू नये म्हणून ब्रेक कुणीतरी दाबावा लागतो. पोऱ्या चाकाशी बाटली धरून बसलेला. मामांनी इकडेतिकडे पाहिलं.

"काका, बसता का?"

बाबा ड्रायव्हरच्या सीटवर बसले. कित्येक वर्षांनी. सीट मागे सरकवली, आरसा नीट केला. गाडी जॅकवर, पुढे भिंत, आरशात बघायला काही नाही. तरी नीट केला.

"मारा… मारा… मारा… धरा!"

बाबांनी धरला. पारदर्शक नळीतून चहाच्या रंगाचं तेल बाटलीत उतरलं, त्यात बारीक बुडबुडे.

"सोडा."

असं किती वेळा झालं मोजलं नाही. हळूहळू तेलाचा रंग फिका होत गेला, बुडबुडे कमी झाले. बाबांची नजर समोरच्या विठोबावर आणि सगळं लक्ष तळपायात. मामांच्या तोंडून ‘ध’ निघायच्या आत पाय स्थिर. एकदा ते स्वतःच म्हणाले, "अजून आहे हवा. पॅडल मऊ लागतंय." मामांनी पुन्हा निपल उघडला. एक बुडबुडा निघाला, एकुलता एक.

बिल झालं त्यात अलाइनमेंट नव्हती. विचारलं तर म्हणाले, "कशाला? तीनदा केलीय ना तुम्ही."

त्या संध्याकाळी मी मुद्दाम हायवेने आले. गाडी तापू दिली. हात सैल सोडले नाहीत. हायवेवर ते शहाणपणाचं नाही, आणि भावाला मी तेव्हा जे बोलले ते अजून परत घेतलेलं नाही. पण पकड हलकी ठेवली आणि वाट पाहिली. डावीकडून कुणी बोलावलं नाही.

दुसऱ्या दिवशी चाक धुणाऱ्या मुलाला सांगितलं, तर त्याने नुसती मान हलवली आणि बादली उचलून पुढच्या गाडीकडे गेला.

आता या गोष्टीला तीन आठवडे झाले. कोपर बरंच बरं आहे; ती मऊ उशी मुलगा मोबाइल टेकवायला वापरतो. परवा बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन चालले होते. ऐरोलीच्या जंक्शनपुढचा सरळ रस्ता, दुपारची वेळ, गर्दी नाही. मी कुठल्याशा बोलण्यात होते. मधल्या लेनचा उजवा पट्टा हळूहळू चाकाखाली आला, मागून एका टॅक्सीने हॉर्न दिला.

"अगं, उजवीकडे कुठे निघालीस?" बाबा म्हणाले.

मी हाताकडे पाहिलं. तो स्टेअरिंग किंचित खाली, उजवीकडे ओढून धरून बसला होता.